सहाच्या जागी आठ

दुसऱ्यांना लावायचे नियम माणसाने एकदा तरी स्वतःच्या घरी लावून बघावेत, म्हणजे आपण लोकांना काय छळतो ते कळतं. काटेकोरांना ते कळलं एका सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास, भर रस्त्यात, तीस-चाळीस माणसांदेखत. कळायला एकोणीस वर्षं उशीर झाला, पण कळलं.

काटेकोर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. इमारतीतल्या लोकांनी मागून ठेवलेलं नाव ते. त्यांना ते ठाऊक होतं आणि, खोटं कशाला बोला, मनातून आवडतही होतं. वजनमापं तपासणाऱ्या कार्यालयात ते निरीक्षक होते. दुकानात शिरायचं, पिशवीतून आपली पितळी वजनं काढायची, दुकानदाराच्या काट्यावर मांडायची आणि काटा केसभर जरी खोटा निघाला तरी त्याला शिशाचं सील ठोकून बाहेर पडायचं, हे त्यांचं काम. "साहेब, एवढंसं तर आहे," असं कुणी काकुळतीला येऊन म्हणालं की त्यांचं उत्तर ठरलेलं : "एवढंसं आणि एवढं मोठं यांत फरक फक्त सवयीचा असतो." हे वाक्य त्यांनी स्वतः तयार केलं होतं. घरीही ते ऐकवत. बायको म्हणायची, "बरं. आधी दळण आणा."

तर अशा या माणसाच्या हातात सासऱ्यांनी एक दिवस गाडीची किल्ली ठेवली.

सासरे म्हणजे अप्पा. निवृत्त ड्रॉइंग मास्तर, वय शहात्तर, राहायला लेक-जावयाकडेच. त्यांची गाडी काटेकोरांपेक्षा वयाने मोठी होती. सायीचा रंग, पाठीला बाक आणि आवाज असा की कुणी पलीकडच्या खोलीत घोरतंय. आताच्या सगळ्या गाड्यांना बारा व्होल्टची बॅटरी असते. हिच्या काळी सहाची असे आणि हिने तो काळ सोडलेला नव्हता. अप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, तेही मुलाच्या गावी. तीन महिने तिकडेच राहायचं होतं.

"जावईबापू," अप्पा म्हणाले, "दर बुधवारी संध्याकाळी तिला सुरू करायची. दहा मिनिटं. कमी नाही. नाहीतर बॅटरी बसते. आणि इथे नोंद करायची."

'इथे' म्हणजे एक वही. मास्तरांनी तीत पट्टीने रकाने आखले होते : तारीख, मिनिटं, आवाज, सही. काटेकोरांना वही बघून इतका आनंद झाला की विचारू नका. रकाने बघितले की त्यांना नेहमीच बरं वाटायचं.

निघताना टॅक्सीत बसून अप्पा म्हणाले, "मी आल्यावर ती एका किल्लीत सुरू झाली तर मीही पुन्हा चालवीन. नाही झाली, तर दोघंही रिटायर. तिला भंगारात द्या आणि मला गॅलरीत खुर्ची टाकून द्या." सगळे हसले. अप्पा मात्र हसले नाहीत, हे काटेकोरांनी पाहिलं होतं. तेवढं तरी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवू या.

पहिल्या बुधवारी ते घड्याळ लावून गाडीत बसले. दहा मिनिटं, आवाज उत्तम, सही. दुसऱ्या बुधवारीही तेच. तिसऱ्या बुधवारी ऑफिसातून यायला उशीर झाला. चौथ्या बुधवारी ऑपरेशनच होतं, सगळे तिकडे गेले होते. पाचव्या बुधवारी, आता दोन चुकलेच आहेत तर पुढच्या बुधवारपासून नीट सुरुवात करू, असं ठरलं. पुढचा बुधवार फार हुशार वार आहे, तो कधी येतच नाही.

अप्पांचा दर आठवड्याला फोन. आधी लेकीशी दोन मिनिटं, मग "जरा त्यांना दे."

"कशी आहे?"

"ठणठणीत."

"आवाज?"

"मस्त आहे, अप्पा."

पहिल्यांदा हे म्हणताना काटेकोरांचे कान गरम झाले होते. आठव्यांदा झाले नाहीत. सवयीचा फरक.

मग एका गुरुवारी अप्पांचा फोन आला. "शनिवारी येतोय. सोमवारी गाडीच्या तपासणीची तारीख मिळालीय, प्रमाणपत्र संपतंय तिचं. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिलीय. मीच चालवणार."

काटेकोर चहा तसाच टाकून खाली गेले. किल्ली फिरवली. गाडी "टिक" म्हणाली. पुन्हा फिरवली, तर तेवढंही म्हणाली नाही.

आता इमारतीत बंद गाडी म्हणजे फुकटचा तमाशा. पहिल्यांदा वरच्या मजल्यावरचे इंजिनीअर उतरले. त्यांनी हयातभर पूल बांधले होते, त्यामुळे त्यांना सगळ्यातलं सगळं कळायचं. बॅटरीला दोन दिवस विश्रांती द्या, ती आपोआप भरते, असं त्यांनी सांगितलं. शेजारच्या वहिनींनी गॅलरीतून, गाडीवर हात फिरवून प्रेमाने बोला, असा सल्ला दिला. त्यांच्या मिक्सरला तो लागू पडला होता. तळमजल्यावरचा पहिलवान म्हणाला, "काका, बोलताय काय? ढकला!" आणि कुणी हो म्हणायच्या आत त्याने ढकललीदेखील. गाडी उतारावरून जी निघाली ती इमारतीच्या फाटकात आडवी होऊन थांबली. पुढचा पाऊण तास ना कुणी आत येऊ शकलं, ना बाहेर जाऊ शकलं. ज्यांना कुठेही जायचं नव्हतं त्यांनाही त्या पाऊण तासात बाहेर जायची निकड लागली.

"खरं सांगून टाका," बायको रात्री जेवताना म्हणाली. "अप्पा रागावतील, दोन दिवस बोलणार नाहीत, संपलं."

"माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?" काटेकोर म्हणाले.

"तेच म्हणतेय मी," बायको म्हणाली आणि तिने आमटी वाढली.

शुक्रवारी त्यांनी रजा टाकली आणि बॅटरीची दुकानं पालथी घातली. सहाची बॅटरी म्हटल्यावर एकाने खेळण्यांच्या दुकानाचा पत्ता दिला. शेवटी सगळ्यांनी एकच नाव सांगितलं : तपासणी केंद्राच्या रस्त्यावरचा म्हातारा बॅटरीवाला. त्याच्याकडे मिळाली तर मिळेल. दुकानाच्या पायरीशी आल्यावर काटेकोर थांबले. हे दुकान त्यांच्या ओळखीचं होतं. जुन्या बॅटऱ्या हा माणूस वजनावर विकत घेई आणि मागच्या वर्षी त्याच्या काट्यात वीस ग्रॅमचा फरक निघाला म्हणून त्यांनीच तो नऊ दिवस सील करून ठेवला होता.

बॅटरीवाल्याने चष्मा कपाळावर सरकवला. "या साहेब. काटा तपासायचाय? बरोबर आहे बघा."

"नाही, नाही. मी गिऱ्हाईक म्हणून आलोय," काटेकोर म्हणाले. हे वाक्य बोलायला इतकं कठीण जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

बॅटरीवाल्याने सगळं ऐकून घेतलं. सहाची मागवावी लागेल, तीन आठवडे लागतील, असं तो म्हणाला.

"मला आजच हवीय."

"आज आठाची देता येईल. शेतावरच्या जुन्या यंत्रांना लागते, एक पडून आहे. पण साहेब, मी ती घ्या असं म्हणणार नाही."

"गाडी सुरू होईल ना?"

"सुरू होईल? उडी मारेल. त्याचं काही नाही हो. पण सहाच्या गाडीतली एकूण एक वस्तू सहाची असते. तिला आठ दिले की ती आठासारखं वागायला बघते. दिव्यांचं तर सोडाच, पेट्रोलचा काटासुद्धा—"

इथे काटेकोरांनी त्याला हात दाखवून थांबवलं. इथे त्यांच्यातला निरीक्षक बोलला. आणि जी चूक जगात दुसऱ्या कुठल्याही खात्याच्या माणसाने केली नसती, ती त्यांनी केली.

"हे बघा," ते म्हणाले, "आमच्या कायद्यात कमी देणं हा गुन्हा आहे. जास्त देणं हा नाही. किलोला सव्वा किलो दिलं म्हणून एकोणीस वर्षांत माझ्याकडे एकही तक्रार आलेली नाही. सहाच्या जागी पाच मिळाले तर गाडीने तक्रार करावी. आठ मिळाले तर तिचं काय बिघडतं?"

बॅटरीवाल्याने चष्मा पुन्हा नाकावर घेतला. मग एक कोरा कागद पुढे केला. "लिहून द्या साहेब. आठाची बॅटरी सहाच्या गाडीला माझ्या जबाबदारीवर नेत आहे. खाली सही, तारीख. अक्षर तेवढं वाचता येईल असं काढा."

ही मागणी ते स्वतः रोज दहा दुकानदारांकडे करत. त्यांनी सही केली आणि खाली तारीख घातली.

या गाडीत बॅटरी बसते मागच्या सीटखाली. आठाची जरा उंच निघाली. सीट वर टेकवली की तिच्या स्प्रिंगा बॅटरीला शिवत होत्या. बॅटरीवाल्याचा माणूस मध्ये रबराचा तुकडा घालून म्हणाला, "इथे वजनदार माणूस बसवू नका. ठिणगी उडेल." मग त्याने किल्ली फिरवली आणि गाडी अशी काही गर्जून उठली की गॅलरीतल्या वहिनींच्या हातातली परडी खाली पडली. इंजिनीअर वरून ओरडले, "बघा! विश्रांतीने झालं!"

आता राहिली वही. ही हकिगत सांगायला खरं म्हणजे मलाच लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. अकरा बुधवार रिकामे होते. काटेकोर दार लावून बसले. खोट्या नोंदी कशा पकडायच्या यावर ते नव्या निरीक्षकांचे वर्ग घेत : एकाच शाईत सगळ्या ओळी, एकच वळण, सगळीकडे गोल आकडे. म्हणून त्यांनी तीन पेनं घेतली. कुठे दहा मिनिटं लिहिली, कुठे अकरा, एके ठिकाणी साडेदहा. आवाजाच्या रकान्यात 'उत्तम', 'मस्त', 'जरा खरखर, नंतर ठीक' अशी विविधता आणली. एका पानावर चहाचे दोन थेंबसुद्धा टाकले. काम संपल्यावर त्यांनी वही लांब धरून पाहिली. पकडता येणार नाही अशी झाली होती. हे बघून त्यांना क्षणभर जो अभिमान वाटला, त्याचीच पुढे त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

शनिवारी अप्पा आले. घरात न शिरता काठी टेकत आधी गाडीकडे गेले, दार उघडून बसले, डोळे मिटले आणि किल्ली फिरवली. गाडी गर्जली.

अप्पांनी डोळे उघडले. "अरे वा!" ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "अरे वा!" आणि मग त्या शहात्तर वर्षांच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. "जावईबापू, पोटच्या पोराने केलं नसतं हो एवढं." संध्याकाळी इमारतीत जो भेटेल त्याला ते हेच सांगत सुटले. लोक काटेकोरांकडे बघून माना डोलवत होते. फाटकात आडवी गाडी त्याच लोकांनी पाहिली होती. कुणी एक शब्द बोललं नाही आणि ते उपकार काटेकोरांना शिव्यांपेक्षा झोंबले.

सोमवारी निघाले. अप्पा चालवायला, शेजारी बायको, मागे काटेकोर. मागे बसायचा हट्ट त्यांचाच, कारण बॅटरीच्या बाजूला दुसऱ्या कुणी बसायला नको होतं. पलीकडची बाजू अप्पांच्या रिपोर्टांच्या पिशव्यांनी आणि काठीने अडली होती. म्हणजे ते स्वतःच्या पापावर बसले होते, तेही पूर्ण नाही. एक हात पुढच्या सीटवर, एक दारावर, आणि मधला भाग दोन बोटं अधांतरी.

"नीट बसा ना," बायको म्हणाली.

"बसलोय," काटेकोर दात आवळून म्हणाले.

फाटकाशी अप्पांनी हॉर्न दाबला. या गाडीचा हॉर्न पूर्वी खाकरल्यासारखा वाजायचा. आता तो किंचाळला. समोरचा सायकलवाला सायकल टाकून बाजूला झाला.

"आवाज वेगळा लागतोय का हो?" अप्पांनी विचारलं.

"नाही अप्पा, तोच आहे."

"मग माझ्याच कानात काहीतरी झालंय. भूल दिली होती ना, तेव्हापासून असेल."

बायकोने आरशातून काटेकोरांकडे बघितलं. काटेकोर खिडकीबाहेर बघू लागले.

थोड्या वेळाने अप्पांनी पेट्रोलच्या काट्यावर टिचकी मारली. "मी जाताना पावाच्याही खाली होतं. आता तर अर्ध्याच्या वर दाखवतोय. भरलंत वाटतं?"

काटेकोरांनी पेट्रोलचा थेंब घातला नव्हता. खरं तर काटा बघून तेही चकित झाले होते. पण इतक्या सहज आलेलं श्रेय परत करायला फार मोठा माणूस लागतो. त्यांनी 'अं' आणि 'हं' यांच्या मधला एक आवाज काढला. अप्पांनी तो हो असा घेतला.

तपासणी केंद्रावर रांग, अर्ज, अर्जाची प्रत, प्रतीवर शिक्का, शिक्क्यासाठी दुसरी रांग. सगळं झाल्यावर एक पोरसवदा निरीक्षक यंत्र घेऊन आला. त्याने दिवे लावायला सांगितले आणि डोळ्यांवर हात धरून मागे सरला.

"आजोबा, हे दिवे आहेत की काय आहे? प्रमाणाबाहेर आहेत."

"पूर्वी हिचे दिवे लावले की समोरचा विचारायचा, लावलेत का म्हणून," अप्पा चक्रावून म्हणाले. "जावईबापू?"

"मी काचा पुसल्या होत्या," काटेकोर म्हणाले.

"काय पुसल्यात हो!"

तेवढ्यात उजवा दिवा 'फट्' करून विझला. निरीक्षकाने लिहिलं : डावा दिवा प्रमाणाबाहेर तेजस्वी, उजवा बंद. हॉर्न वाजवायला लावला, यंत्राचा काटा शेवटाला जाऊन टेकला. लिहिलं : हॉर्न प्रमाणाबाहेर. वायपर लावले तर ते पिसाळल्यासारखे धावू लागले. त्याला रकाना नव्हता, म्हणून समासात लिहिलं.

काटेकोर गाडीतून उतरले आणि त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मीही निरीक्षकच आहे, वजनमापं. थोडं इकडेतिकडे असेल, एवढंसं..."

पोरगा नम्रपणे म्हणाला, "सर, तुम्ही आमचा वर्ग घेतला होता की. एवढंसं आणि एवढं मोठं यांत फरक फक्त सवयीचा असतो." आणि त्याने 'नापास'चा शिक्का मारला. काटेकोर मागे येऊन अधांतरी बसले.

परतीच्या वाटेवर गाडी दोन आचके देऊन बंद पडली. रस्त्याच्या मधोमध. मागे बस, बसच्या मागे ट्रक, आणि सगळ्यांचे हॉर्न, प्रमाणात असलेले. कुणीतरी टाकीचं झाकण काढून आत डोकावलं. "आजोबा, ठणठणीत कोरडी आहे!"

"कसं शक्य आहे?" अप्पा म्हणाले. त्यांनी काट्याकडे बघितलं. अर्ध्याच्या वर. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग लेकीला विचारलं, "तुला कुठे दिसतोय गं काटा?" आणि तिने तोंड उघडण्याआधीच हात हलवला. "राहू दे."

त्यांनी किल्ली काढली. रिंगमधून सुटी केली. त्यांना वेळ लागला.

"हॉर्न वेगळा ऐकू येतो, दिवे वेगळे दिसतात, कोरड्या टाकीचा काटा मला अर्ध्यावर दिसतो," अप्पा म्हणाले. "उगाच गुडघा नवा केला. तुम्ही तिला एवढं जपलंत, जावईबापू, गाडीत काही दोष नाही. दोष माझ्यात आहे. उद्या कुणाच्या अंगावर घालीन. घ्या ही, आणि भंगारवाल्याला सांगा."

किल्ली काटेकोरांच्या तळहातावर पडली. त्यांनी वर बघितलं तर समोरच्या पायरीवर बॅटरीवाला उभा होता. गाडी नेमकी त्याच्या दुकानापुढे बंद पडली होती. त्याने सगळं ऐकलं होतं. सही केलेला तो कागद त्याच्या गल्ल्यात होता आणि वीस ग्रॅमची परतफेड करायला याहून चांगली वेळ त्याला जन्मात मिळाली नसती. पण तो गल्ल्याकडे वळला नाही. फक्त बघत राहिला.

गप्प बसलं तर सगळंच मिटत होतं. गाडी भंगारात जाईल, बॅटरीही जाईल, कुणाला कधी काही कळणार नाही. आत कमी आणि काटा जास्त दाखवतो, याच एका गुन्ह्यासाठी त्यांनी अर्धा बाजार सील केला होता. आणि आता त्यांच्या सीटखालच्या त्या खोट्या काट्याचा दंड अप्पा भरत होते.

"अप्पा," ते म्हणाले. मागून बसने हॉर्न दिला. पुन्हा म्हणाले, "अप्पा, तुमचे डोळे चांगले आहेत. कानही चांगले आहेत. मी गाडी सुरू केलीच नाही. बॅटरी मेली. मी सहाच्या जागी आठाची घातलीय. काटा खोटा आहे, हॉर्न खोटा आहे. काचासुद्धा पुसल्या नव्हत्या."

एवढ्या वेळात पहिल्यांदाच ते मागच्या सीटवर अंग टाकून बसले. खालून 'चर्र' आवाज आला, धूर निघाला आणि ते ओरडत उभे राहिले. म्हणजे गाडीत जेवढं राहता येतं तेवढे. बॅटरीवाला दोन ढांगांत आला, त्याने सीट उचलली, तार उपटली आणि पाना तसाच हातात धरून बाजूला झाला. बसमधली माणसं खिडक्यांतून बाहेर लोंबकळून बघत होती. एक बाई पलीकडच्या बाईला सांगत होती, "जावई आहे. पँट जळली."

सगळ्यांनी मिळून गाडी ढकलत दुकानाच्या कडेला लावली. अप्पा स्टिअरिंगमागेच बसून होते. बायको डबा घेऊन पेट्रोल आणायला गेली. बॅटरीवाल्याने सीट बाहेर काढून ठेवली आणि घरापुरती तार पुन्हा जोडून दिली. मग अप्पांनी समोरचा कप्पा उघडला आणि वही काढली.

काटेकोरांनी वहीचं सांगितलं नव्हतं. सगळं सांगितलं, तेवढं ठेवलं होतं. माणूस कबुली देतानाही एखादी मूठ मागे राखतो.

अप्पांनी एकेक ओळ बोट ठेवून वाचली. मास्तरांनी चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या होत्या, पण तीन पेनांना आणि चहाच्या थेंबांना तेही फसले असते. एका ओळीवर मात्र त्यांचं बोट थांबलं.

"बुधवार, चौदा तारीख," त्यांनी वाचलं. "अकरा मिनिटं. आवाज मस्त." मग वर बघितलं. "चौदा तारखेला तू कुठे होतास?"

अठरा वर्षांत अप्पांनी त्यांना पहिल्यांदाच एकेरीत विचारलं होतं.

काटेकोरांनी खाली बघितलं. "तुमच्या ऑपरेशनला."

"माझी कवळी कुणाच्या खिशात होती?"

"माझ्या. रुमालात."

"किती वेळ?"

"पाच तास."

"पाणी प्यायलासुद्धा उठला नाहीस, नर्सने सांगितलं मला. ते कुठल्या वहीत लिहिलंस?" अप्पांचा आवाज चढला. "जे केलंस त्याची नोंद नाही, आणि जे केलं नाहीस त्याची तीन रंगांत! अरे, बॅटरी बसते माणसाची. तेवढंच फोनवर सांगायचं होतंस. मी माझेच डोळे काढून द्यायला निघालो होतो!"

काटेकोरांना रडू आलं. रस्त्यावर, जळक्या पँटीनिशी, एका पोत्यासारख्या सीटच्या शेजारी उभं राहून ते रडले. बॅटरीवाल्याने आत जाऊन स्टूल आणलं आणि त्यांच्याजवळ ठेवलं. ते बसू शकत नव्हते, पण त्यांनी आभार मानले.

अप्पांनी नाक शिंकरलं, खिशातून पेन्सिल काढली, वहीच्या नव्या पानावर पट्टी ठेवली आणि चाराच्या जागी पाच रकाने आखले. पाचव्याचं नाव लिहिलं : तपासणाऱ्याची सही.

"अकरा बुधवार चुकलेत, ते अकराच्या अकरा भरून काढायचे," ते म्हणाले. "गाडी इथे, या दुकानापुढे आणायची. दहा मिनिटं चालवायची. आणि सही यांची घ्यायची." त्यांनी बॅटरीवाल्याकडे बोट दाखवलं. मग हात पुढे केला. "किल्ली माझी मला द्या, जावईबापू. घरी मीच नेणार आहे तिला."

'द्या' म्हणाले. काटेकोरांनी दोन्ही हातांनी किल्ली दिली.

तीन आठवड्यांनी सहाची बॅटरी आली. गाडी पुन्हा घोरल्यासारखी चालू लागली, हॉर्न खाकरू लागला, दिवे लावलेत का असं लोक पुन्हा विचारू लागले आणि केंद्राच्या पोराने तिला पास केलं. त्यानंतरच्या पहिल्या बुधवारी काटेकोर ऑफिसातून परस्पर घरी आले, अप्पांना शेजारी बसवलं आणि दुकानापुढे गाडी उभी करून इंजिन चालू ठेवलं. बॅटरीवाला पायरीवर घड्याळ घेऊन बसला होता. शेजारचे दोन-तीन दुकानदारही काही काम नसल्यासारखे बाहेर आले होते. त्यांतल्या दोघांचे काटे काटेकोरांनी कधीतरी सील केलेले होते.

वेळ झाली असं वाटून त्यांनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरून वही पुढे केली.

बॅटरीवाल्याने चष्मा नाकावर घेतला, घड्याळ बघितलं आणि पेन कानामागे ठेवून दिलं.

"साहेब, नऊ मिनिटं चाळीस सेकंद. वीस सेकंद कमी आहेत."

"अहो, एवढंसं तर—" असं काटेकोरांच्या तोंडून निघून गेलं, आणि पुढचं त्यांनी तिथेच गिळलं. कुणी हसलं नाही. अप्पा समोरच्या काचेतून सरळ रस्त्याकडे बघत होते.

काटेकोर पुन्हा गाडीत बसले आणि त्यांनी किल्ली फिरवली. बॅटरीवाल्याने घड्याळ पहिल्यापासून लावलं.